मूलपेशींची सुई आणि डोंगरातले गुडघे

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे डोंगरी तालुके. वेल्ह्याला राज्य सरकारने २०२४ साली राजगड तालुका असं नाव दिलं, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत या धरणांच्या वरच्या खोऱ्यांत पावसाळा म्हणजे भातलावणी. चिखलात पाय रुतवून, कंबरेत वाकून दिवस दिवस रोपं लावायची, आणि ते संपलं की गवताचे भारे, सरपणाच्या मोळ्या, पाण्याच्या कळशा. वाडी डोंगराच्या सोंडेवर आणि खाचर खाली ओढ्याकाठी, त्यामुळे चढउतार कुणालाच चुकत नाही. पन्नाशीच्या पुढे इथल्या घराघरांत गुडघे धरलेले असतात आणि त्यातही बायकांचे अधिक. अशा माणसांपर्यंत आता पुण्या-मुंबईची एक नवी बातमी मोबाइलवरून पोहोचते आहे: गुडघ्यात मूलपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, झिजलेली गादी पुन्हा तयार होते, वाटी बदलावी लागत नाही. हा दावा नीट तपासायला हवा. तो खोटा ठरला तर एखाद्या घराची म्हैस, दागिने किंवा जमिनीचा तुकडा जाऊ शकतो. शहरातल्या सुखवस्तू माणसाची चूक त्याच्या बचतीतून भरून निघते, डोंगरातल्या माणसाची निघत नाही.

आधी आजार समजून घेऊ. ऑस्टिओआर्थ्रायटिसला आपण ‘गुडघ्यांची झीज’ म्हणतो. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो हळूहळू पातळ होतो, फाटतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्यातल्या पेशीही विरळ असतात, म्हणून कातडीवरची जखम भरते तशी ती भरून येत नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच नोंदवून ठेवलं होतं, आणि पावणेतीनशे वर्षांनंतरही वैद्यकाची मुख्य अडचण तीच आहे. पण कूर्चेला मज्जातंतूही नसतात, म्हणजे दुखणं तिच्यातून येत नाही. ते येतं सांध्याच्या सुजलेल्या आतल्या अस्तरातून, कूर्चेखालच्या हाडातून, ताणलेल्या अस्थिबंधांतून आणि दुबळ्या झालेल्या स्नायूंमुळे. म्हणूनच एक्स-रेमध्ये खूप झीज दिसणारा माणूस कधी कधी आरामात चालतो आणि जेमतेम झीज असलेला लंगडतो. दुखणं कमी होणं आणि कूर्चा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूलपेशींच्या जाहिराती पहिलीचा अनुभव दाखवून दुसरीचं वचन देतात, म्हणून हा फरक पुढे सतत ध्यानात ठेवायला हवा.

आजाराचा पसारा मोठा आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने चाललेला तो मोठा उपक्रम होता. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार होती आणि ५.८ टक्क्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. देशपातळीवर या आजाराचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ३५ लाख होते, ते २०१९ पर्यंत ६ कोटी २० लाखांच्या वर गेले, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. माणसं अधिक जगू लागली, वजनं वाढली, ही त्याची मोठी कारणं. कष्टाचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात गुडघे वाकवून जड काम करणाऱ्या पुरुषांत गुडघ्यांच्या झिजेचा धोका जवळपास दुप्पट आढळला. बीजिंगमधल्या अभ्यासात तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांना म्हातारपणी हा त्रास जास्त होतो असं दिसलं. भिगवण सपाटीवर, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. चढउताराच्या, भातलावणीच्या भोर-वेल्ह्याची अशीच स्वतंत्र पाहणी व्हायला हवी.

मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी. हाडांच्या मगजात, चरबीत, नाळेच्या ऊतीत त्या सापडतात. प्रयोगशाळेतल्या ताटलीत योग्य रसायनं दिली तर त्यांच्यापासून कूर्चेच्या पेशी बनवता येतात. इथूनच आशेला सुरुवात झाली: या पेशी गुडघ्यात सोडल्या तर त्या झिजलेल्या जागी बसतील आणि नवी कूर्चा विणतील. प्रत्यक्षात गुडघा ही ताटली नव्हे. सांध्यात सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात नाहीशा होतात. जाण्यापूर्वी त्या काही प्रथिनं आणि रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे सूज शमू शकते, असं आजचं शास्त्र मानतं. ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ ही संज्ञा १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनीही पुढे हेच मांडलं की या पेशींचं शरीरातलं मुख्य काम संदेश देण्याचं आहे. नव्या विटा रचणारे गवंडी म्हणून त्यांच्याकडे पाहणं चूक आहे. तेव्हा या इंजेक्शनकडून अपेक्षा ठेवायचीच तर सूज आणि वेदना काही काळ कमी होण्याची ठेवावी.

ही अपेक्षा तरी पुराव्यावर टिकते का? भारतातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीच्या औषधाचा आहे. निरोगी दात्यांच्या हाडांच्या मगजातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून, गोठवून ठेवलेल्या या पेशींना भारताच्या औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मान्यता दिली. २०२२ मध्ये अल्केम या मुंबईच्या कंपनीने ‘स्टेमवन’ या नावाने ते बाजारात आणलं. त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १४६ रुग्ण होते, सगळे मध्यम झिजेचे, म्हणजे चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरचे. निम्म्यांना अडीच कोटी पेशींचं एक इंजेक्शन मिळालं, निम्म्यांना पेशी नसलेलं. सांध्यात वंगणासारखं काम करणारं हायल्युरॉनिक आम्ल दोन्ही गटांना मिळालं. वर्षभरानंतर पेशी मिळालेल्या गटात वेदना, आखडलेपणा आणि हालचाल यांत अधिक सुधारणा दिसली. एमआरआयच्या एका खास तपासणीत त्यांच्या कूर्चेचा दर्जा आणखी ढासळला नाही, दुसऱ्या गटात ढासळला. हे यश खरं आहे आणि ते भारतीय शास्त्रज्ञांचं आहे, त्याची कदर केलीच पाहिजे. पण त्याच चाचणीत कूर्चेचं आकारमान मात्र दोन्ही गटांत फारसं बदललं नाही, म्हणजे नवी गादी तयार झाली नाही. चाचणी कंपनीनेच पुरस्कृत केलेली होती, रुग्णसंख्या लहान होती आणि पाठपुरावा एका वर्षाचा होता. गुडघा त्यानंतरही पुढची वीस वर्षं वापरायचा असतो.

आता दुसरी बाजू पाहू. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४७५ रुग्णांपैकी काहींना स्वतःच्या मगजातला पेशीयुक्त अर्क, काहींना स्वतःच्या चरबीतल्या पेशी, काहींना नाळेच्या ऊतीतल्या पेशी आणि उरलेल्यांना साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्यात आलं. वर्षभराने सगळ्याच गटांना बरं वाटत होतं, पण तीनपैकी एकाही प्रकारच्या पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत. एमआरआयमध्येही गटागटांत फरक नव्हता. पुरावे तटस्थपणे तोलणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ मध्ये गुडघ्यासाठीच्या २५ चाचण्या, तेराशेहून अधिक रुग्ण, एकत्र तपासले. मूलपेशींमुळे वेदना आणि हालचाल किंचित सुधारत असावी, पण या निष्कर्षावर फार भरवसा ठेवता येण्याजोगे पुरावे नाहीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर चित्र स्पष्ट होतं: मध्यम झिजेच्या काही गुडघ्यांत काही महिने ते वर्षभर थोडाफार आराम शक्य आहे. कूर्चा पुन्हा उगवण्याचा पुरावा नाही. हाडाला हाड लागलेल्या, पाय वाकडे झालेल्या शेवटच्या अवस्थेतल्या माणसांसाठी तर स्टेमवनची मान्यता आणि चाचणी नव्हतीच. आणि खेड्यात इलाज शोधत निघणारा माणूस बहुधा त्याच अवस्थेत पोहोचलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. ‘अमक्याने इंजेक्शन घेतलं आणि तो गड चढला.’ असा अनुभव खोटा नसतो, पण त्याचं श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न उरतो. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोहोचल्यावर. लावणी संपता संपता गुडघे ठणकतात, तेव्हा इंजेक्शन घेतलं आणि दसऱ्यापर्यंत दुखणं उतरलं, तर ते विश्रांतीने उतरलं की सुईने, हे एकट्या माणसाला कळू शकत नाही. शिवाय गुडघ्यात महागडं इंजेक्शन घेतल्याच्या विश्वासानेच वेदना बरीच कमी होते, हे या आजारात वारंवार सिद्ध झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या एका चाचणीत २८८ रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी, म्हणजे स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन दिलं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षाने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून तुलनेच्या गटाशिवाय सांगितलेला अनुभव, कितीही मनापासूनचा असला तरी, पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप: आपल्याच शरीरातल्या पेशी आहेत, फायदा नाही झाला तरी अपाय काय होणार? अपाय होतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नाळेच्या रक्तापासून बनवलेलं, ‘स्टेम सेल’ म्हणून विकलं गेलेलं इंजेक्शन घेतल्यावर गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या १२ रुग्णांची नोंद केली. काहींचे सांधे, तर काहींच्या मणक्यातला भाग जंतूंनी बाधित झाला होता. गुडघ्यात जंतू शिरले तर काही दिवसांत सांधा कायमचा खराब होऊ शकतो. आणि ज्याचं घर वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीत आहे, त्याला ताप चढल्यावर पुण्यात पोहोचेपर्यंतच मोलाचा वेळ जातो. म्हणून नियमही कडक आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी-प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं. महानियंत्रकांनी परवाना दिलेलं औषध हा त्यानंतरचा स्वतंत्र अपवाद. त्यामुळे कुणी कंबरेच्या हाडातून मगज काढून किंवा पोटाची चरबी काढून तासाभरात ‘स्टेम सेल’ टोचून देतो म्हणत असेल आणि त्याचे पैसे घेत असेल, तर तिथून उठावं. पीआरपीलाच मूलपेशी म्हणणारा दवाखाना तर सरळ चुकीची माहिती देतो आहे. खऱ्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत असते, तिचा क्रमांक मागता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून प्रयोगाचे पैसे घेतले जात नाहीत.

मग या गुडघ्यांनी करायचं काय? जगभरच्या उपचार-मार्गदर्शिका पहिल्या क्रमांकावर व्यायाम ठेवतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद, नितंबाच्या स्नायूंची ताकद आणि नियमित चालणं. इथे डोंगरातला शेतकरी रास्त प्रश्न विचारतो: ‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कसला?’ उत्तर असं की राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. राबताना दुखऱ्या सांध्यावर भार पडतो आणि शरीर त्याला वाचवण्यासाठी चुकीच्या पद्धतीने वाकतं. व्यायामात सांध्यावर भार न टाकता ठरावीक स्नायू हळूहळू बळकट केला जातो. पाठीवर झोपून किंवा खाटेवर बसून गुडघा ताठ करत पाय उचलायचा, दहा मोजायचे, सावकाश खाली ठेवायचा, आठवड्यातून तीन-चार दिवस, महिनोन्‌महिने. यातही अतिशयोक्ती नको. कोक्रेनने २०२४ मध्ये व्यायामाच्या १३९ चाचण्या तपासल्या, तेव्हा त्याचा फायदाही माफकच निघाला. पण तो मूलपेशींच्या पुराव्यापेक्षा कितीतरी जास्त रुग्णांवर तपासलेला आहे, त्यात जंतुसंसर्ग होत नाही आणि त्यासाठी म्हैस विकावी लागत नाही. जोडीला डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर उपयोगी पडतं आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित असतं. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने परस्पर घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये अनेकदा लपवलेलं स्टेरॉइड निघतं, त्या तर घेऊच नयेत.

दुसरी गोष्ट भाराची. बर्लिनमधल्या संशोधकांनी रुग्णांत बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजमापाची यंत्रणा ठेवून भार मोजला. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. म्हणजे पायवाट उतरताना डोक्यावर वीस किलोंचा भारा असेल, तर गुडघ्याच्या हिशेबात तो वीस किलो राहत नाही. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी एक किलो कमी केलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं अमेरिकेतला अभ्यास सांगतो. डोंगरातली बरीच माणसं मात्र सडपातळ असतात, त्यांचं ओझं डोक्यावर असतं. त्यांच्यासाठी उपचार म्हणजे काठी, आणि तीही दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात; उकिडवं बसावं लागणार नाही असा संडास; घरापर्यंत नळाचं पाणी; वाडीपर्यंत रस्ता; भाऱ्यासाठी हातगाडी. शेतीतही वाट आहे. घाट उतरून गेल्यावर कर्जत तालुक्यातल्या नेरळमध्ये चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात, चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. भातलावणी यंत्रंही आहेत. कृषी विभागाने ती उत्पादनासाठी सुचवली असतील, पण बाईच्या गुडघ्यांचा आणि कंबरेचा हिशेब धरला तर हा बदल आरोग्याचाही कार्यक्रम ठरतो.

आणि गुडघा खरोखर संपला असेल तर सांधेरोपण, म्हणजेच आपल्या भाषेत वाटी बदलणं. गावाकडे त्याची मोठी भीती आहे आणि त्या भीतीवरच मूलपेशींच्या जाहिराती पोसल्या जातात. वास्तविक ही जगात लाखो लोकांवर दरवर्षी होणारी, दशकांचा अनुभव असलेली शस्त्रक्रिया आहे. बहुतेक कृत्रिम गुडघे पंधरा-वीस वर्षं टिकतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण २०२३ च्या निर्णयाने सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढलं. आपल्या आजाराची शस्त्रक्रिया त्यात कोणत्या रुग्णालयात होते, हे योजनेतल्या रुग्णालयांमधल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. पैसा खर्च करण्याआधीची ही पहिली पायरी असायला हवी. शस्त्रक्रियेनंतरही महिनोन्‌महिने व्यायाम लागतो, तो चुकवला तर चांगला बसवलेला सांधाही आखडतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे: नवं शास्त्र शहरी श्रीमंतांना आणि गरिबाला मात्र व्यायाम आणि काठी, हा न्याय कुठला? हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर अपुऱ्या पुराव्याची सुई गरिबाला विकण्यात नाही. मूलपेशींचं संशोधन पुढे गेलंच पाहिजे आणि त्यात ग्रामीण, कष्टकरी गुडघेही मोफत, नोंदणीकृत चाचण्यांमधून सामील झाले पाहिजेत, कारण शहरातल्या बैठ्या माणसांवर मिळालेलं उत्तर चिखलात वाकणाऱ्या गुडघ्याला लागू पडेलच असं नाही. उद्या पाच वर्षांच्या पाठपुराव्याने हा उपचार टिकाऊ ठरला, तर तो सरकारी योजनेत यावा म्हणून आग्रह धरू. पण न्यायाची आजची मागणी वेगळी आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयांपर्यंत फिजिओथेरपी पोहोचवण्याची तरतूद आहे. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचे सगळे दिवस फिजिओथेरपिस्ट असावा, आशाताईंना गुडघ्याचे चार व्यायाम शिकवले जावेत, आणि लावणीआधी गावोगाव एक तपासणी व्हावी, ज्यात झीज कुठल्या पायरीवर आहे, कुणाला व्यायाम पुरेल आणि कुणाला शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं हे ठरेल. या गोष्टींचा पुरावा आज हाताशी आहे आणि त्या मूलपेशींच्या एका इंजेक्शनची वाट पाहत थांबलेल्या नाहीत. ग्रामसभेच्या ठरावात त्या लिहिता येतात, लोकप्रतिनिधींकडे मागता येतात, आणि भोर-वेल्ह्याने त्या मागाव्यात.